कवी, विश्राम!

साताऱ्याकडच्या कुठल्याही एसटी स्टँडवर ‘ओ मेजर!’ अशी हाक मारून बघा. निदान चार-पाच माना वळतील आणि त्यांतला एकही मेजर नसेल. कोणी शिपाई म्हणून पेन्शनीत आलेला, कोणी नाईक, कोणी हवालदार, एखादा तर पलटणीत न्हाव्याचे काम करून आलेला. पण खात्यात फौजेची पेन्शन आणि ओठावर मिशी असली की आमच्याकडे माणूस मेजर. ही बढती गाव देते आणि ती दिल्लीलाही रद्द करता येत नाही. पंचाईत होते ती खराखुरा मेजर सुट्टीवर आल्यावर. त्याला मग नाइलाजाने कर्नल म्हणावे लागते.

या मेजरांनी कविता वाचाव्यात, ही कल्पना आमच्या वाचनालयाची. पुण्यात म्हणे कॉफीच्या दुकानांत ‘ओपन माइक’ असतो. तरुण मुले मोबाइलमध्ये बघून स्वतःचे दुःख वाचतात आणि बाकीची तरुण मुले टाळ्यांऐवजी चुटक्या वाजवून त्यांचे सांत्वन करतात. आपल्याकडेही असे काही व्हावे, फक्त दुःख जरा दणकट असावे, असे वाचनालयाच्या अध्यक्षांना वाटले. या भागात माजी सैनिक शोधावे लागत नाहीत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावामागे ‘मिलिटरी’ असेच लावतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. तेव्हा श्रोते मिळतील याची खात्री होती. कवी मिळतील का, ही शंका होती. नावनोंदणीची वही ठेवली आणि दोन दिवसांत पाने संपली. वहीत प्रत्येकाने आधी नंबर लिहिला होता, मग हुद्दा, मग नाव. कवितेचे शीर्षक लिहायला जागाच उरली नव्हती. लग्नाची तारीख विसरलेला माणूस पलटणीचा नंबर झोपेतही बिनचूक सांगतो, हे त्यांच्या घरच्यांनी मला वेगळे सांगितले.

तारीख ठरली १४ जानेवारी. जनरल करिअप्पा १९५३ मध्ये याच दिवशी निवृत्त झाले म्हणून हा माजी सैनिकांचा दिवस मानतात. दिल्लीच्या कॅलेंडरात तेवढेच आहे. मराठी माणसाच्या कॅलेंडरात त्याच चौकोनात पानिपतही आहे, १७६१ चे, आणि बहुतेक वर्षी संक्रांतही. म्हणजे एकाच दिवशी मोठ्या पराभवाची आठवण काढायची, सैनिकांचा सन्मान करायचा आणि वर गोडही बोलायचे. त्यातून पानिपतची बातमी पेशव्यांपर्यंत पोचली ती सावकाराच्या पत्रातून, मोती आणि मोहरांच्या हिशेबात गुंडाळून. एवढी मोठी लष्करी बातमी रूपकात पाठवणाऱ्या लोकांच्या वंशजांना कविता जमणार नाही, असे मानण्याचे काही कारण नव्हते.

अडचण एकच होती. गावात सभागृह एक आणि त्याच संध्याकाळी तिथे हळदीकुंकू. महिला मंडळ हटेना. शेवटी तह झाला. सभागृहाच्या डाव्या अंगाला हळदीकुंकू, उजव्या अंगाला कविसंमेलन, मध्ये सतरंजीची सीमारेषा. वाण म्हणून स्टीलच्या वाट्या होत्या. कवींचा सत्कारही त्याच वाट्या देऊन करायचा, हे तहाचे उपकलम अध्यक्षांनी परस्पर मान्य केले.

निवेदनाचे काम माझ्याकडे आले. मराठी कविसंमेलनात निवेदकाला मुख्य कसब लागते ते कवीला थांबवण्याचे. ‘आणखी एकच छोटीशी’ म्हणणाऱ्या कवीच्या हातून माइक कसा काढून घ्यावा, यावर खरे तर शिबिरे भरायला हवीत. इथे उलटे झाले. पत्रिकेवर सहाची वेळ होती, म्हणून सगळे माजी सैनिक पावणेसहाला हजर. सहा वाजता त्यांनी माझ्याकडे बघितले. सहा वाजून पाच मिनिटांनी ज्या नजरेने बघितले, त्या नजरेला लष्करात काहीतरी कलम असणार. प्रमुख पाहुणे, म्हणजे एक पुढारी, सव्वासातला येणार होते, त्यांच्यासाठी थांबू या म्हटल्यावर एक वयस्कर सुभेदार साहेब शांतपणे म्हणाले, “त्यांना येऊ द्या की मागनं. गाडी सुटली तर माणूस दुसऱ्या गाडीनं येतो.” कार्यक्रम सहा वाजून सहा मिनिटांनी सुरू झाला. आमच्या तालुक्याच्या सांस्कृतिक इतिहासात ही पहिलीच वेळ.

प्रत्येकाला तीन मिनिटे असे ठरले होते. तीन मिनिटे झाल्यावर कवी थांबत. ओळ अर्धी असली तरी थांबत. एकाची कविता तर ‘आणि मग ती म्हणाली’ इथे संपली. काय म्हणाली, हे त्यांनी आजतागायत सांगितलेले नाही.

आधी कोणी वाचायचे यावर मात्र पेच पडला. साहित्यात ज्येष्ठ कवी शेवटी वाचतो, कारण तोवर श्रोते दमलेले असतात आणि विरोध करत नाहीत. फौजेत ज्येष्ठता ही चेष्टेची गोष्ट नाही. सुभेदार-मेजरांच्या आधी नाईक कसा वाचणार? आणि नंतर वाचला तर सुभेदार-मेजरांपेक्षा चांगला कसा वाचणार? दादही हुद्द्याप्रमाणेच पडत होती. सुभेदार-मेजर साहेबांच्या, खरे सांगायचे तर सुमार, कवितेला पहिल्या तीन रांगांनी एकसाथ ‘वाऽ’ केले. इतकी कवायती दाद मी कुठल्या गझलेलाही ऐकलेली नाही.

सुरुवात मात्र एका सिव्हिलियनने केली, कारण प्रत्येक गावात असतो तसा आमच्याकडेही वीररसाचा एक कवी आहे आणि माइक खुला असो की बंद, तो तिथे पोचतो. हा गृहस्थ लोणंदच्या पलीकडे फारसा गेलेला नाही, पण त्याच्या कवितेत दर दोन ओळींनी तो सीमेवर असतो. रक्ताचे पाट, मुंडक्यांच्या राशी, शत्रूच्या छातीवर पाय. आवाज असा की डाव्या अंगाच्या हळदीकुंकवात दोन लहान मुले रडू लागली. देशासाठी रक्ताचा शेवटचा थेंब देऊ इच्छिणाऱ्या या कवीला गावच्या रक्तदान शिबिरात पहिला थेंब देताना कोणी पाहिलेले नाही. माजी सैनिक ही कविता अदबीने ऐकत होते. एकाने शेजाऱ्याला हळूच विचारले, “हे कुठल्या पलटणीत होते?” शेजारी म्हणाला, “कृषी खात्यात.”

आणि मग खरे सैनिक उठले. एकेक येत गेला, तसे माझ्या लक्षात आले की यांच्या कवितांत युद्ध नाहीच. जेवण आहे, रजा आहे, पाऊस आहे, थंडी आहे, बंद पडलेला ट्रक आहे, न आलेले पत्र आहे. शत्रू जवळजवळ नाही. असलाच तर तो लंगरचा स्वयंपाकी. एका हवालदाराने डाळीवर सोळा ओळी वाचल्या. काश्मीरपासून नागालँडपर्यंत आपण हजारो मैल फिरलो, पण डाळीने पाठ सोडली नाही, असा तिचा आशय. रांगाच्या रांगा माना डोलवत होत्या. वीररसाच्या कवीला जी दाद मिळाली नाही, ती डाळीला मिळाली.

मी त्या सुभेदार साहेबांना विचारले, की तुम्ही लोक लढाईवर का लिहीत नाही? ते म्हणाले, “त्याचं कसंय, लिहायचं म्हटलं की परत तिकडं जावं लागतं. मोठ्या मुश्किलीनं रजा मंजूर झालीया.” आणि तिळगुळाची वडी फोडत बसले.

सियाचिनला राहून आलेल्या एकाची कविता अंड्यावर होती. त्या उंचीवर अंडे दगडासारखे होते, फोडायला हातोडी लागते. टूथपेस्ट ट्यूबमध्ये गोठते. ज्यूस प्यायचा नसतो, तासायचा असतो. हे त्याने यमकात सांगितले आणि हळदीकुंकवाच्या बायकाही इकडे कान देऊन ऐकू लागल्या. घरी भाजीत मीठ कमी पडले म्हणून ताट सरकवणाऱ्या नवऱ्यांना हे कोणीतरी ऐकवायला हवे, असा एक आवाज डावीकडून आला.

मला मात्र त्या अंड्यापेक्षा मोहिमेच्या नावाची गंमत वाटत आली आहे. १९८४ च्या एप्रिलमध्ये आपले सैन्य सियाचिनवर गेले, त्या मोहिमेचे नाव ‘मेघदूत’. हे नाव सुचवणाऱ्या अधिकाऱ्याने कालिदास वाचला होता की फक्त ढग बघितले होते, कोण जाणे. पण नाव अचूक पडले. मेघदूताचा नायक कोण, तर ड्युटीत कसूर झाल्याबद्दल वर्षभरासाठी घरापासून लांब पाठवलेला एक कर्मचारी. फॅमिली क्वार्टर नाही, रजा नाही, पत्र न्यायला पोस्टमन नाही, म्हणून दिसेल त्या ढगाला निरोप सांगतो. हे वाचून कोणाही फौजी माणसाला वाटेल की यक्ष आपल्याच कंपनीतला. फरक इतकाच की यक्षाला रामगिरी मिळाला, म्हणजे आपले नागपूरजवळचे रामटेक, असे परंपरेने मानतात. डोंगर, झाडी, सीतेच्या स्नानाने पावन झालेले पाणी. फौजेच्या हिशेबात ही पीस पोस्टिंग. सियाचिनच्या जवानाने त्या यक्षाला दोन शब्द सुनावले असते.

पत्त्याचेही तेच. माणूस बर्फात असो, वाळवंटात असो की आसामच्या जंगलात, बायकोला पत्ता एकच ठाऊक: ५६ एपीओ, नाहीतर ९९ एपीओ. आमच्या भागातल्या कित्येक बायकांनी आयुष्यभर नवऱ्याला एका आकड्यावर पत्रे पाठवली. कालिदासाच्या यक्षाने निदान ढगाला उज्जैनवरून जाण्याचा रस्ता तरी सविस्तर सांगितला होता.

पुढची कविता खेचरावर होती आणि माझ्या मते ती त्या संध्याकाळची सर्वांत चांगली प्रेमकविता. कवी पूर्वी जनावरांच्या तुकडीत होता. डोंगरावर जिथे ट्रक जात नाही तिथे रसद खेचर नेते, आणि त्याच्या खुरावर नंबर कोरलेला असतो. कवीच्या दोन ओळी मी उतरवून घेतल्या:

तुला पाय चार, मला पाय दोन, दोघांच्या पाठीला सारखाच भार;
तुझ्या खुरावर नंबर, माझ्या गळ्यात नंबर, दोघांचे नाव विसरले सरकार.

दुसऱ्या ओळीचे मला पूर्णपणे पटले नाही, कारण सरकारने एका खेचरीचे नाव लक्षात ठेवले आहे. पेडोंगी तिचे नाव, नंबर १५३२८. ती १९७१ मध्ये शत्रूच्या हाती लागली आणि तिथून परत आली, पुढे वय झाल्यावर तिचा निळी झूल घालून सन्मान झाला. मी हे माइकवर सांगितले. कवी म्हणाला, “ती नशीबवान. आमच्या मोतीला रिटायर व्हायच्या दिवशी गूळ मी माझ्या पैशानं दिला.”

खेचरांचे आणि मराठ्यांचे नाते जुने आहे आणि सगळेच प्रेमाचे नाही. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातल्या कुत गावात जी फौज वेढ्यात सापडली, तिचे नावच सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात मराठ्यांच्या पलटणी होत्या. एप्रिल १९१६ मध्ये शरणागती पत्करेपर्यंत अन्न इतके संपले, की घोडे आणि खेचरे कापून खाण्याची पाळी आली. आपल्या पुष्कळ शिपायांनी आधी त्या मांसाला हात लावला नाही, धर्माचे काय म्हणून. मग भुकेने तोही प्रश्न मिटवला. मोतीच्या कवीला हे सांगायचे मी टाळले. एका संध्याकाळी एकच इतिहास पुरे.

पलटणीतले एक क्लार्क साहेब उठले. त्यांची कविता टंकलिखित होती, तीन प्रतींत. एक वाचायला, एक अध्यक्षांना, एक फायलीला. विषय: पावसाबाबत. परिच्छेद एक, वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की ढग आले आहेत. परिच्छेद दोन, (अ) मातीचा वास, (ब) गावाची आठवण. परिच्छेद तीन, योग्य त्या कार्यवाहीसाठी सादर. मला वाटले विनोद आहे. नव्हता. आणि मराठीत मुक्तछंदाच्या नावाखाली जे छापून येते, त्यातल्या निम्म्यापेक्षा ती सुटसुटीत होती.

सिग्नलवाला प्रत्येक कडव्याच्या शेवटी ‘ओव्हर’ म्हणत होता आणि सभागृह ‘रॉजर’ म्हणून पोच देत होते. ही पद्धत अखिल भारतीय साहित्य संमेलनात सुरू करायला हरकत नाही. कविता संपली की नाही, हा श्रोत्यांचा सनातन संशय तरी मिटेल.

एक होते ड्रिल उस्ताद. पंधरा-वीस वर्षे रंगरुटांना कवायत शिकवलेला माणूस. त्यांनी आल्याबरोबर माइक बाजूला सारला. साउंडवाला घाबरून पुढे आला, तर म्हणाले, “त्याची गरज नाय.” खरेच नव्हती. अडचण अशी की कविता नाजूक होती. पाणवठ्यावर दिसलेल्या मुलीची. पण उस्तादांना हळू बोलता येत नाही, तो स्नायूच राहिलेला नाही. ‘तू दिसलीस आणि काळीज झाले तेऽऽज चल! तू वळलीस आणि पाय म्हणाले, थम!’ एवढे झाल्यावर डावीकडची हळदीकुंकवाची गर्दी थबकली. पुढच्या ओळीत त्या मुलीच्या बापाचा प्रवेश होता. उस्ताद गरजले, ‘साऽऽवधान!’ आणि उजव्या अंगाचे सगळे म्हातारे खुर्च्यांतून ताडकन उठून उभे राहिले. गुडघ्यांची ऑपरेशने झालेले, काठी टेकणारे, सगळे. त्याच क्षणी प्रमुख पाहुणे दारातून आत आले आणि आपल्या स्वागताला अख्खे सभागृह उभे राहिलेले पाहून त्यांचा कंठ दाटून आला. खरे कारण त्यांना अजून कोणी सांगितलेले नाही. निवडणूक जवळ आहे.

एकाहत्तरच्या पिढीतले आता थोडे उरलेत, ते मागच्या रांगेत बसून एकमेकांना जमालपूर सांगत होते. पूर्व पाकिस्तानातल्या त्या ठाण्याला डिसेंबर १९७१ मध्ये आपल्या ब्रिगेडने घेरले, त्यात मराठा लाइट इन्फंट्रीची जंगी पलटण होती. आपल्या ब्रिगेडियरने समोरच्या बलुच पलटणीच्या कर्नलला पत्र लिहून शरण येण्याचे सुचवले. उत्तर आले ते कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून, आणि मजकूर असा, की पेन तुम्ही फार छान चालवता, पुढच्या वेळी हातात स्टेनगन घेऊन भेटा. मराठी साहित्यात परखड समीक्षेची परंपरा आहे, पण लेखनशैलीवरचा अभिप्राय सोबत काडतूस जोडून पाठवल्याचे माझ्या वाचनात नाही. पुढच्याच एक-दोन दिवसांत जमालपूर पडले. मी त्यांतल्या एका आजोबांना म्हटले, हे माइकवर सांगा. ते म्हणाले, “ही कविता न्हाय, हे खरं हाय.”

निवृत्त कर्नल साहेबांनी इंग्रजीत चार ओळी म्हटल्या, त्यावर हुद्द्याला शोभेल इतक्या टाळ्या पडल्या. त्या संपायच्या आत सतरंजीची सीमारेषा ओलांडून एक आजी माइकपाशी आल्या. वाणाची वाटी हातात, डोक्यावरून पदर. म्हणाल्या, “माईक खुला हाय म्हणता, तर आमी बी म्हणू का?” त्यांचे यजमान पुढच्या रांगेत होते. त्यांनी आधी छताकडे बघितले, मग बुटांकडे. आजींनी जात्यावरच्या चालीत स्वतः रचलेली ओवी म्हटली:

बारा म्हयन्यांनी आला बाई माझा घरधनी दारी,
लेक इचारती मला, ‘पाव्हणं कवा जानार घरी?’

हशा झाला, मोठा झाला, आणि मध्येच तुटला. पुढच्या रांगेतल्या बऱ्याच जणांना आपापल्या घरातले असे पाव्हणेपण आठवले असावे. आजींनी लगेच दुसरी म्हटली, तिच्यात पेन्शनीवर आलेला नवरा दिवसभर घरात बसून डबे नीट लावतो आणि सुनेच्या स्वयंपाकघराचे ‘इन्स्पेक्शन’ करतो, त्याच्यापेक्षा तो ५६ एपीओला बरा होता, असा भाव होता. आता सतरंजीच्या दोन्ही अंगांनी हशा झाला. यजमान उठून म्हणाले, “टाइम झाला, तीन मिनटं झाली.” आजी म्हणाल्या, “पस्तीस वर्सं गप बसले, त्यातली वजा करा.” त्या संध्याकाळी तीन मिनिटांच्या पुढे माइक धरणाऱ्या त्या एकट्या.

शेवटी वाट्या वाटल्या. कार्यक्रमाला आलेल्या अनेक सिव्हिलियनांनी माजी सैनिकांना भेटून मनापासून चौकशी केली, ती ‘मेजर, या महिन्याचा कँटीनचा कोटा शिल्लक आहे का’ एवढीच होती. साडेआठला सभागृह रिकामे झाले, खुर्च्या रांगेत लावलेल्या होत्या आणि एकही कागदाचा कप जमिनीवर नव्हता.

दोन दिवसांनी जिल्हा आवृत्तीत बातमी आली. मथळा: ‘माजी सैनिकांच्या कवितांनी श्रोत्यांत संचारली वीरश्री’. फोटोत मधोमध वीररसाचा कवी, शेजारी प्रमुख पाहुणे. रणांगणातील थरारक अनुभवांनी सभागृह भारावून गेले, असा मजकूर होता. क्लार्क साहेब ते कात्रण घेऊन वाचनालयात आले, सोबत संपादकांना पाठवायचा खुलासा, तीन प्रतींत. मला वाचायला दिला. परिच्छेद एक: उपरोक्त बातमी वाचली. परिच्छेद दोन: (अ) वीरश्री संचारली नव्हती, (ब) भूक लागली होती, (क) कविता डाळ, अंडे, पाऊस, खेचर व पत्नी या विषयांवर होत्या, पैकी पत्नीने स्वतः उत्तर दिले. परिच्छेद तीन: फोटोतील मधली व्यक्ती कृषी खात्यातील आहे. योग्य त्या दुरुस्तीसाठी सादर.